न पचलेली भाडेकरू

मी, मंदाकिनी गोपाळकृष्ण खांबेटे, वय ७९, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार नारायण पेठ, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दुपारची झोप व्यवस्थित झाल्यावर लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. शंका असणाऱ्यांनी त्यांच्याशी भांडावे.

१. माझे राहते घर मी माझ्या पगारातून घेतले. खांबेटे घराण्याचा त्यात खिळासुद्धा नाही. ते मी माझी भाडेकरू उत्कर्षा ज्ञानदेव वानखडे, मूळची यवतमाळची, हिला देते.

माझा पुतण्या सलिल म्हणतो, “काकू, ती कॉट बेसिसवर आली आणि तुम्हाला गिळून बसली.” त्याला मीच नववीत जीवशास्त्र शिकवले होते, वाया गेले म्हणायचे. गिळते ती मोठी पेशी. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका पेशीने एक जिवाणू गिळला आणि तो तिला पचला नाही. तो आतच राहिला, तिला ऊर्जा पुरवू लागला, ती त्याला सांभाळू लागली. त्यालाच आज आपण तंतुकणिका म्हणतो. सलिलच्या, माझ्या, तुळशीच्या, सगळ्यांच्या पेशीत ती आहे. आता तिला बाहेर काढले तर दोघीही मरतात.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा आमच्या पर्यवेक्षकांनी “अभ्यासक्रमात नाही” म्हणून मला लेखी समज दिली होती. पुढे ते पाठ्यपुस्तकात आले. पर्यवेक्षक तोवर निवृत्त झाले होते, याचे मला अजून वाईट वाटते.

उत्कर्षाची नोकरी गेली तेव्हा तिच्या खोलीत आमटीभात मी नेऊन दिला. माझे गुडघे गेले तेव्हा मला जिना तिने चढवला. एकदा कणीक मळताना ती म्हणाली, “काकू, आपला अकरा महिन्यांचा करार तं कधीचाच संपला ना जी.” मी म्हटले, “बरं. आधी कुकर बंद कर.” त्यानंतर तो विषय निघाला नाही. मला या मुलीचा फार लळा आहे, हे इथे स्पष्ट लिहिते.

२. तिला दत्तक घ्या, असे वकिलांनी सुचवले. नको. तंतुकणिकेने आपला डीएनए आणि आपले आवरण आजही राखले आहे. उत्कर्षाने वानखडेच राहावे, आणि तिच्या खोलीची आतली कडी कोणी काढू नये.

३. सूक्ष्मदर्शक माझ्या शाळेला. पर्यवेक्षकांच्या तसबिरीखाली ठेवू नये.

४. सलिलला काहीही ठेवलेले नाही. साक्षीदाराला वाटा देऊ नये असे वकील म्हणतात, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. उद्या घरावर दावा लावायचा असेल, तर आधी स्वतःची सही खोटी म्हणावी लागेल.

पुणे, १२ जानेवारी २०२५
मंदाकिनी गोपाळकृष्ण खांबेटे

साक्षीदार:
(१) डॉ. आमोद पटवर्धन
(२) सलिल खांबेटे. वाचले. पटले नाही. सही केली आहे. काकू, घर तिला दिलंत, मग गणपतीला मी कुठे यायचं?

वरील शेऱ्यास उत्तर: इथेच. तिला विचारून. — मं. गो. खां.