सरळ बघितलं की पळणारा तारा

पेठ, ता. आंबेगाव
२१ मार्च १९९९

प्रिय सावळेराम,

नमस्कार. इकडे सगळे मजेत आहोत. कांदा काढून झाला, माझा गुडघा मात्र अजून कुरकुरतो. वहिनींची दाढ काढली का? कळव.

मी कळवलेला जोडतारा तू आपल्या आकाशमंडळाच्या पत्रकात पहिल्याच पानावर घेतोयस, हे वाचून दोन दिवस मी गावात जरा ताठच चालत होतो. अगस्तीच्या वरचा तो अंधूक तारा, त्याला चिकटलेला त्याहून अंधूक सोबती, आणि तो हाताने घासलेल्या सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून दिसावा, ही साधी गोष्ट नाही. त्यात दक्षिणेला नाशिक रस्त्यावरचे ढाबे. त्या रविवारी वीज गेली म्हणून जमलं. सगळं गाव शिव्या देत होतं आणि मी एकटा खुशीत होतो.

पण छापण्याआधी एक दुरुस्ती आहे.

तीन हिवाळे मी त्या ताऱ्याला डोळा लावून बसलो. दर वेळी एकच ठिपका. त्या संध्याकाळी आठच्या सुमाराला कुशाबाई जेवायला बोलवायला आली. भाकरी निवत होती म्हणून चिडलेली. मी म्हटलं, "बघ तरी, माझा वेळ कोण खातंय ते." ती वाकली, पदर सावरला आणि दुर्बिणीला डोळा लावला.

"दोन हायेत की."

मी हसलो. "दुसरा कुठे आहे?"

"मोठ्याच्या खाली, उजव्या अंगाला. घड्याळात चार वाजत्यात तितं. सरळ बघितलं की पळतोय, जरा बाजूला बघितलं की येतोय."

तू पाठवलेल्या जोडताऱ्यांच्या यादीत सोबती कोणत्या दिशेला आहे त्याचा कोन दिलाय, तो मी तिला कधीच सांगितला नव्हता. आत जाऊन कंदिलापाशी ताडून पाहिला, दुर्बिणीतली प्रतिमा उलटी असते हे धरून. बरोबर चार. अंधूक तारा डोळ्याच्या कडेने बघायचा, हे मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आलो. तिला कुणी शिकवलं, असं विचारलं.

"त्यात काय शिकायचंय? मामंजींच्या म्होरं वीस वर्सं पदर घेऊन वावरले. सरळ कुनाकडं बघितलं व्हतं मी? तरी कोन उपाशी उठलं, कोन रुसलं, समदं दिसायचं."

सावळेराम, मला तो सोबती अजूनही दिसलेला नाही. तरी तुला ‘मी पाहिला’ असं लिहिलं. विज्ञानाच्या मास्तराला जे जमलं नाही ते त्याच्या बायकोला एका नजरेत जमावं, हे मला गिळवेना. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "माजं नाव लिवलं का?" मी हो म्हणालो. तिने लगेच शेजारच्या ठकूबाईला सांगून टाकलं. आता अंक आला की ती चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवत, पहिलं पान वाचणार.

तेव्हा माझं नाव काढ. ‘सौ.’ नको, कुणाची बायको तेही नको. नुसतं ‘कुशाबाई, पेठ’ एवढंच छाप. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. तो वाटायला तारा लागला, याची लाज वाटते.

दोन प्रती पाठव. एक ठकूबाईला द्यायची आहे.

तुझा,
चांगदेव
(आरसा तेवढा माझा)