गहाळ दाखवलेल्या दोनशे चौदा चोऱ्यांबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
शहर पोलीस कार्यालय.

अर्जदार : चौकीबाहेर अर्ज टंकून देणारा, मागची गल्ली, बाजार रस्ता.

विषय : आमच्या वस्तीतील पोलीस चौकी बंद न करण्याबाबत, आणि तिथले गुन्हे कमी झालेले नसल्याबाबत.

संदर्भ : चौकीच्या दारावर काल लावलेली आपली सूचना.

महोदय,

१. वस्तीतील चोऱ्या पाच वर्षांत एक्क्याऐंशीवरून चारवर आल्याने ही चौकी महिनाअखेर बंद करण्यात येईल, असे आपल्या सूचनेत म्हटले आहे. ती घट पोलिसांनी केलेली नाही आणि चोरांनीही केलेली नाही. ती मी केली आहे.

२. मी बावीस वर्षे चौकीच्या फाटकाशेजारी टंकलेखन यंत्र घेऊन बसतो. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येते पण पोलीस म्हटले की घाम फुटतो, ते मला येऊन सांगतात आणि मी लिहून देतो. चोरीची तक्रार म्हटली की चार प्रती, जबाब, जागेची पाहणी, शिवाय हवालदारसाहेबांचे वाकडे तोंड. वस्तू गहाळ झाल्याचा अर्ज मात्र दहा मिनिटांत शिक्का मारून हातात मिळतो. पाच वर्षांपूर्वी एका मास्तरांची सायकल चोरीला गेली. त्यांना शाळेची घाई होती आणि मला जेवायची. मी म्हटले, मास्तर, गहाळ लिहू का, लवकर सुटाल. ते हो म्हणाले. तिथे माशी शिंकली.

३. त्यानंतर मी विचारणेही सोडले. हवालदारसाहेब खूश झाले आणि माझी खुर्ची उन्हातून उचलून आत पंख्याखाली आली. मग काय विचारता! भिंतीला चार बोल्ट मारून बसवलेला पाण्याचा पंप मी 'प्रवासात हरवला' असा लिहिला आहे. एका घराचा पुढचा दरवाजा चौकटीसकट उचकटून नेला होता. त्याबद्दल 'कामाच्या गडबडीत कुठेतरी राहून गेला' हे वाक्य माझे आहे आणि त्यावर चौकीचा शिक्का आहे. माझी पत्नी एकदा म्हणाली, अहो, आपल्या वस्तीतली माणसं एवढी वेंधळी कधीपासून झाली? मी हसण्यावारी नेले.

४. आकडे उतरले तसे चौकीतले दोन शिपाई दुसरीकडे गेले, गस्त थांबली. चोऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या; फक्त आता भरदिवसाही होऊ लागल्या. उलट गेल्या वर्षी आपल्या हस्ते वस्तीला 'शांत वस्ती' हे प्रमाणपत्र मिळाले. हवालदारसाहेबांनी मलाही मंचावर बसवले होते आणि नंतर ते प्रमाणपत्र माझ्या खुर्चीमागे टांगले. आपण माझ्या पाठीवर थाप मारलीत, आपल्याला आठवत नसेल. खोटे कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरे वाटले होते. आज ते आठवले की मेल्याहून मेल्यासारखे होते.

५. आता जे लिहायला हा अर्ज घेतला ते लिहितो. आमच्या गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई एकट्या राहतात. गेल्या शुक्रवारी दुपारी दोघे त्यांच्या घरात शिरले आणि शिलाई यंत्राची मोटर काढू लागले. बाईंनी मोटर धरून ठेवली. त्यांनी बाईंना जिन्यावरून ढकलले आणि मोटर नेली. उजवे मनगट मोडले, ज्या हाताने त्या पोट भरतात तेच. प्लॅस्टर घातलेला हात घेऊन त्या शनिवारी माझ्यापुढे बसल्या, सगळे सांगितले आणि म्हणाल्या, भाऊ, नीट लिहा हं, ते सापडायला हवेत.

मी मान डोलावली आणि लिहिले : 'अर्जदार घरातील पायरीवर पाय घसरून पडल्या. त्या गडबडीत शिलाई यंत्राची मोटर गहाळ झाली.' महोदय, मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारही केला नाही. बोटे आपोआप चालली. बाईंना वाचता येत नाही. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला, वर माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

६. काल सूचना वाचली तेव्हा माझे डोळे उघडले. मी दोनदा बाईंच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो.

७. माझी एक सवय आहे. माणूस बोलत असताना त्याचे शब्द मी माझ्याकडे ठेवायच्या प्रतीच्या कागदामागे पेन्सिलने उतरवून घेतो आणि मग अर्ज टंकतो. त्यामुळे प्रत्येक खोट्या अर्जाच्या पाठीवर खरी हकिगत आहे. हस्ताक्षर माझेच आहे. नाकारायला जागा नाही.

८. तरी विनंती की, या दोनशे चौदा नोंदी चोरीत धराव्यात, चौकी चालू ठेवावी आणि माझ्यावर जी करायची ती कारवाई करावी. हवालदारसाहेबांनी शिक्के मारले, पण शब्द माझे होते. बाईंची तक्रार नव्याने घ्यायला मात्र दुसरा कोणी लिहिणारा पाठवावा. माझ्या बोटांवर माझा विश्वास उरलेला नाही.

मान खाली घालून आपला,
अर्ज टंकून देणारा
मंगळवार, सकाळ

सोबत : १. माझ्याकडील प्रती, दोनशे चौदा. २. 'शांत वस्ती' प्रमाणपत्र, काच व चौकटीसह, परत.

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्याआधी बाईंकडे गेलो आणि त्यांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. मग त्यांनी त्यांच्याही दोन ओळी घालायला सांगितल्या, आणि घातल्यावर मला त्या तीनदा वाचायला लावल्या. त्या अशा :

'माझा पाय घसरला नव्हता. मला ढकललं. मी हे भाऊंना सांगितलं होतं.'