ती केस माझी आहे

प्रिय मंजिरी,

'प्रिय' लिहायचा हक्क हे पत्र वाचून झाल्यावर राहील की नाही ठाऊक नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो. मोबाइलवर लिहिलं असतं तर दोन ओळी वाचून तू फोन केला असतास, आणि तुझा आवाज ऐकला की माझं पुढचं सगळं सांगायचं राहूनच जातं. तुमच्या शेजारच्या चित्राताई उद्या सकाळच्या गाडीनं बिलासपूरला चालल्यात, त्यांच्या हाती देतोय. हायकोर्टातून आलीस की आधी चहा घे. आणि मधेच फाडू नकोस.

इथं रायपुरात सगळे ठीक. साहेबांच्या शंकर नगरच्या ऑफिसात काकू, म्हणजे तुझी आई, येऊन जातात, आणि मी दिसलो की अजून तेच: "काहून रे पोट्ट्या, वकील व्हाचं सोडून आमचे पंखे मोजून राहिला का?" मी हसतो. काकूंना खरं कोण सांगणार? लॉच्या वर्गात त्या सरांनी तुझ्या वडिलांना, आपल्या साहेबांना, "भाटापारा का तहसीली वकील अब संसद में बहस करेगा" म्हटलं, सगळे खिदळले, आणि मी पुस्तक आपटून नको ते बोललो. लेखी माफी माग म्हणाले. कँटीनमध्ये तू म्हणालीस, "हीरो मत बन, लिख दे।" मी मराठीत भांडायचो, तू हिंदीत उत्तर द्यायचीस, आपलं पहिल्यापासून तसंच. माफी लिहिली नाही, कॉलेजच सोडलं. त्याच संध्याकाळी साहेबांच्या प्रचाराच्या गाडीत चढलो. लोकांना वाटलं, पोट्टा राजकारणात गेला. मी तुझ्या घराच्या फाटकाच्या आत आलो होतो, एवढंच.

पण साहेबांसोबत राहून मला त्यांचंही वेड लागलं, हे तुला कधी बोललो नाही. गाडीत ते भाटापाऱ्याच्या गोष्टी सांगायचे. तहसील कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल, आणि टेबलाला साखळी, कारण संध्याकाळी घरी गेले की दुसरा वकील ते उचलून न्यायचा. एकच कोट. कॉलर झिजली की काकू उलटी करून शिवायच्या. पक्षकार छत्तीसगढी बोलायचा, हे हिंदीत लिहायचे आणि मनातल्या मनात मराठीत भांडायचे. हे सांगताना साहेबांचा चेहरा असा खुलायचा की ड्रायव्हरसुद्धा गाडी हळू करायचा.

आणि मग उरला औद्योगिक वसाहतीतली केस. तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण आता सगळं तिथंच येऊन अडलं आहे. रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई उसळली आणि कलावतीचा नवरा गेला. कंपनी म्हणाली, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा असेल. श्रम न्यायालयात साहेबांनी मॅनेजरला विचारलं, मेलेल्या माणसाचं नाव काय? त्याला सांगता येईना. "बरं, मालकाच्या कुत्र्याचं नाव?" तो पटकन म्हणाला, "टायगर." आधी सगळे हसले आणि मग कोणाला वर बघवेना. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं. त्या एका प्रश्नावर साहेबांना तिकीट मिळालं असं लोक म्हणतात. मलाही तसंच वाटतं.

लोकसभेतल्या पहिल्या भाषणात साहेबांनी हीच गोष्ट सांगितली. आम्ही ऑफिसात टीव्ही लावला होता. कलावतीलाही बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. सभागृहात बाकं वाजली, इथं आम्ही टाळ्या वाजवल्या, कोणी पेढे आणले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "फैसला होगे का, बाबू?" तिला वाटलं, एवढ्या मोठ्या कोर्टात वकीलसाहेब बोलले म्हणजे निकाल लागला. पेढा माझ्या हातातच राहिला, मंजिरी.

निकाल कसा लागणार? साहेब दिल्लीत. इथं ज्युनिअर उभा राहतो, पुढची तारीख मागतो, संपलं. कलावती प्रत्येक तारखेला उरल्याहून येते, कोर्टातून सरळ ऑफिसात, फाटकाजवळ बसते. "वकील साहब कब आही?" हव, आही, आही, येतील हो, म्हणत आम्ही तिला पाणी देतो. आता न्यायाधीशही कंटाळले. येत्या सोमवारी बहस करायला वकील उभा राहिला नाही तर केस खारीज. नरहर वकील केस घ्यायला तयार आहेत, फुकट तयार आहेत, पण साहेबांची ना-हरकत सही आणा म्हणतात. कोर्टाकडून थेट परवानगी मागता येते हे तुलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण खासदाराला डावलून असा अर्ज लावायचा म्हणजे याच गावात उद्या वकिली करायची की नाही, असा प्रश्न आहे. बाकी सगळ्या वकिलांनी हात वर केले. नरहर निदान सहीपर्यंत तरी आले.

तो कागद घेऊन मी साहेबांकडे किती वेळा गेलो! कधी "ठेव", कधी "बघू". मला वाटायला लागलं, मिलवाल्यानं पोचवलं असेल काही. माझं डोकं तुला माहीत आहे. मागच्या खेपेला विमानतळावरून येताना मी गाडीतच विचारलं, तोंडावर. साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिशिर, तिथं मी बटन दाबतो. कुठलं दाबायचं ते सकाळी निरोप येतो. बोलायला उभा राहिलो की घंटी वाजते. त्या मॅनेजरला प्रश्न विचारला तो मी होतो. ती केस माझी आहे. ती दुसऱ्याला दिली तर माझ्याजवळ उरते काय? बहस मीच करणार." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या तारखेला येतो. पक्कं." मला रडू आलं. मी विश्वास ठेवला. आणि काल दिल्लीहून निरोप आला: रविवारी सत्कारासाठी येताहेत, सोमवारी सकाळच्या विमानानं परत, समितीची बैठक आहे.

आता जे लिहायचं होतं ते. रेल्वेच्या कोट्याची पत्रं येतात ना, कोणाला नागपूरला ऑपरेशनला जायचं, कोणाचं तिकीट वेटिंगवर, त्यावर साहेबांची सही मीच करतो. त्यांनीच शिकवली, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून, "श ला जरा मोठा वळसा दे" म्हणत. आज दुपारी नरहर वकिलांच्या कागदावर तोच वळसा मी दिला. नरहरना काही माहीत नाही. त्यांनी तो कागद आणि कलावतीच्या अंगठ्याचं वकीलपत्र कपाळाला लावून ठेवून घेतलं. ती तिथंच हसली. हसताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. आणि जिन्यावरून खाली येताना मला कळलं की मी काय केलंय. कंपनीच्या वकिलाला याचा वास लागला तर मी जेलमध्ये जाईन ते जाईनच, पण तिची केससुद्धा सडवतील.

म्हणून रविवारी साहेब आले की मी स्वतः त्यांना सांगणार आहे. ते पोलिसांना बोलावतील, किंवा नुसतं फाटक दाखवतील. निवडणूक होऊ दे, मग तुमच्या दोघांचं बघू, असं ते एकदा म्हणाले होते. ते आता कोणी बघायचं नाही, हे मला सही करतानाही ठाऊक होतं. तू माझ्यासाठी त्यांच्याशी भांडू नकोस. पोट्टा तापट आहे, त्याला माफ करा, असं काही म्हणू नकोस. माझी बाजू घ्यायचीच नाही. फक्त शनिवारी रायपूरला ये. 'बाबा' अशी हाक मारून त्यांच्यातला तो एकाच कोटातला वकील बाहेर बोलवणारी घरात तू एकटीच आहेस. त्यांना म्हण, शिशिरवर पाहिजे ते कलम लावा, पण सोमवारी कोर्ट उघडायच्या आधी नरहर वकिलांकडचा तो कागद फाडा आणि दुसऱ्यावर तुमच्या हातानं सही करा. किंवा विमान सोडा आणि स्वतः उभे राहा. दोन्हींतलं काहीही चालेल. ती सोमवारी सकाळी उरल्याहून निघेल, आणि या वेळी तिला मी सांगून बसलोय की वकील आही.

तुझाच, तू नाही म्हणालीस तरी,
शिशिर