पोरगं अजून शिकतंय

पिंपळे गुरव,
कार्तिक, १९५९

प्रिय ज्योतीराम,

आशीर्वाद वर लिहायचा रिवाज आहे, पण या खेपेला तो शेवटी ठेवला आहे. आधी पत्र पुरतं वाच, मग घ्यावासा वाटला तर घे.

इकडे थंडी पडू लागली. शाळू वाऱ्यावर डोलायला लागला. सकाळी ओट्यावर ऊन खात बसतो आणि शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो. पेन्शनीत दुसरं काय असतं हाताशी. परवा समुद्राची कविता आठवली. चौथीला माझ्याच वर्गात होतास, तेव्हा ती शिकवताना तू उभा राहून विचारलं होतंस, गुरुजी, तुम्ही समुद्र पाहिलाय का. घरात आबा आणि शाळेत गुरुजी, यात तू कधी चुकला नाहीस. मी समुद्र पाहिला नव्हता, अजूनही नाही. तेव्हा म्हणालो होतो, कवितेतल्या लाटा पुरतात. आता तोच समुद्र तू ओलांडायला निघालास, आणि मला त्या कवितेचं शेवटचं कडवं काही केल्या आठवत नाही.

परवान्याच्या कामासाठी तू मुंबईला जाऊन राहिलास, तिथून आलेलं तुझं पत्र उशाशी आहे. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेनं तुला मागून घेतलं, साऱ्या देशातून वर्षाला शंभरच माणसं तिकडे कायमची घेतात, त्यांना हवी ती विद्या ज्याच्या हाती आहे त्याचा नंबर आधी लागतो, आणि तुझा अर्ज नेमका तिथंच अडला. तू स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारा जाणकार आहेस की नुसता हाताखालचा मदतनीस, याची त्यांना खात्री नाही. गावातल्या चौकशीत कोणीतरी उलटं सांगितलं म्हणे. वर्ष संपेपर्यंत खात्री पटली नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार. आणि शेवटी तू लिहिलंस, बांधाच्या भांडणाचा राग कोंडाजीकाकांनी माझ्यावर काढला, आबा, त्यांची पायरी चढू नका.

मी चढलो नाही. त्यांनी हाक मारली तरी मान खाली घालून गेलो. तुझा शब्द पाळतो आहे अशी स्वतःची समजूत घालत होतो.

ज्योती, कोंडाजी नव्हे. तो मी.

प्रयोगशाळेच्या वतीनं चौकशीला आलेले उद्धवराव वकील आपल्या ओट्यावर बसले होते. तुझ्या आईनं गूळ-पाणी दिलं. गृहस्थ नम्र, पुण्याचे, मांडीवर वही. त्यांनी विचारलं, मुलगा कारखान्यात नेमकं काय करतो. आता आपल्यात कोण आपल्या तोंडानं आपल्या लेकराचं कौतुक करतं? इंदूच्या सोयरिकीच्या वेळी ती सातवीत पहिली आलेली होती, तरी मी पाहुण्यांना म्हणालो, पोर साधी आहे, काही येत नाही, पदरात घ्या. मग पाहुणे म्हणाले, छे, छे, गुरुजींची लेक आहे, आम्हाला दिसतं ना. रीतच आहे ती. एकानं खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलून घ्यायचं. तसंच मी म्हणालो, कसली जबाबदारी, वकीलसाहेब. मोठ्यांच्या हाताखाली आहे, बाटल्या धुतो, पोरगं अजून शिकतंय. आणि ते छे छे म्हणतील म्हणून थांबलो. ते म्हणाले नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

आत तुझ्या आईच्या हातातली परात खाली पडली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कळलं होतं, खरं सांगतो. पिंपरीच्या कारखान्यात तू मला एकदा घेऊन गेला होतास. पांढरा डगला घालून तू दुर्बिणीसारख्या त्या यंत्रात डोळा लावलास, तेव्हा तुझ्या बापाच्या वयाची माणसं टाकीपाशी हात बांधून उभी होती. तू मान हलवलीस, मग त्यांनी चाक फिरवलं. भाकरीवर आली की तुझी आई जी उकिरड्यावर फेकते, त्या बुरशीतून तू माणसं वाचवायचं औषध काढत होतास. एवढं पाहिलेल्या माणसानं तुला बाटल्या धुवायला लावलं.

आणि हे रिवाजापायी झालं म्हणून हात झटकले असते, पण पुढचंही ऐक. वकिलांना पोचवायला मी नदीपर्यंत गेलो. त्यांची मोटार पलीकडे दापोडीला होती आणि नाव त्याच काठाला. बराच वेळ आम्ही दोघं खडकावर बसलो. नुसतं म्हणायचं होतं, साहेब, ते खोडा, आमच्यात असं बोलायची पद्धत असते. ते सोडून मी त्यांना पवनेच्या पाण्याचं वर्णन ऐकवत होतो. दोन कविता म्हणून दाखवल्या. ते म्हणाले, वा. नाव आली, ते गेले, आणि परत येताना माझं पाऊल हलकं पडत होतं. पोर आता जात नाही, एवढं एकच मनात होतं. ते हलकेपण मला आता झोपू देत नाही.

गेल्या रविवारी कोंडाजीच आपल्या दारात आले. तुझा रोष त्यांच्या कानावर कसा गेला कोण जाणे. बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, गुरुजी, बांध बांधाच्या जागी. पर ज्योतीबद्दल म्या वंगाळ बोलंन व्हय? त्या वकिलाला म्या सांगितलं, ह्यो पोरगा एक दिस न्हाई गेला तर पिंपरीचा कारखाना बंद पडतोय. पुण्याच्या समद्या डाक्तरांना ह्योच दवा पुरवतो. मला हसू आलं आणि त्याच तोंडानं रडूही. एवढ्या फुशारकीवर वकिलांचा विश्वास बसेना, आणि सख्खा बाप कशाला कमी सांगेल म्हणून माझ्यावर बसला. मी कोंडाजींना सगळं सांगितलं. त्यांनी चंची कमरेला खोचली. मग म्हणाले, पोराला लिवा. मला सांगून काय व्हतंय?

पण लिहिण्याआधी करायला हवं होतं. काल पुण्याला गेलो. उद्धवरावांसमोर आणि मग कोर्टात शपथेवर सांगितलं, की माझा मुलगा ज्योतीराम कोणाच्या हाताखालचा नाही, टाक्यांची सगळी जोखीम त्याच्यावर आहे, तो मान हलवतो तेव्हा बाकीचे हात हलवतात. आयुष्यात पहिल्यांदा तुझी तारीफ केली, तीही परक्यांपुढे, आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबवेना. वकिलांना आपली ती छे छेची रीतही सांगितली. ते म्हणाले, गुरुजी, आज छे छे म्हणायची पाळी माझी नाही ना? घरच्याच शब्दानं अडलं होतं, घरच्याच शब्दानं सुटेल, असं त्यांचं मत आहे. कागद आज मुंबईला गेला. तू जाशील.

कोंडाजीकाकांना दोन ओळी तेवढ्या लिही.

काल घरी आल्यावर कोर्टात काय काय बोललो ते तुझ्या आईला सांगितलं. ती उठली, मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेतल्या आणि खुंटीवरच्या तुझ्या शाळेच्या टोपीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. इतकं कौतुक केलंत, दृष्ट लागंल, म्हणाली. मिरचीचा ठसका काही आला नाही, म्हणून ती घाबरली आहे. टोपीवरून काढलेली दृष्ट निघते की नाही मला ठाऊक नाही. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं, बाळ. बोटीवर चढण्याआधी एकदा घरी ये आणि तिच्यासमोर पाटावर बस. मी आत, माजघरात थांबेन. आशीर्वाद हवा असेल तर हाक मार.

तुझाच, तुला थांबवू पाहणारा,
आबा