माझ्या नावाची माफी

बाबा, परवा एका सत्काराला गेले होते. सर्फिंगची देशातली पहिली महिला चॅम्पियन म्हणून अजून बोलावतात कुठे कुठे. तिथे आमच्या जुन्या संघटनेचे सचिव भेटले, आता पार म्हातारे झालेत. माझा हात धरून म्हणाले, "तुझे वडील फार समजूतदार माणूस. तुझ्यासाठी माझ्यासमोर हात जोडून उभे होते." मी हसले. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल बोलताहेत. मग ते म्हणाले, अकोल्याचे वकील. तेव्हा मात्र मी हात सोडवून घेतला.

तुम्ही? हात जोडून? अहो, मोर्शीला मामाच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून मला ढकलणारे तुम्ही! मी काठाला चिकटून रडते आहे आणि तुम्ही वरून ओरडताय, "रडून काहून राहिली? पाणी काई खात नाई तुले. सोड हात!" पुढे मी समुद्रावर गेले, तर कोर्टातले लोक तुम्हाला विचारायचे, "वकीलसाहेब, पोरगी काय लाटा मोजून राहिली का तिकडं?" तुम्ही ताठ मानेनं सांगायचात, "मोजत नाई, त्याइच्यावर उभी रायते." त्या एका वाक्यावर मी वर्षानुवर्षं तगले, बाबा.

आणि ती स्पर्धा. सकाळच्या चांगल्या लाटा मुलांना, आणि आम्हा मुलींना भर दुपारी, वाऱ्यानं समुद्र पार विस्कटल्यावर. आम्ही मुली फळ्या घेऊन वाळूत बसलो, उतरलोच नाही. संघटनेनं सगळ्यांवर बंदी घातली. माफी मागा, मग बघू, म्हणाले. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही काय म्हणालात आठवतं? "माफी मागशीन तं घरी येऊ नको." फोन ठेवून मी नाचले होते. थोड्याच दिवसांत बंदी उठली, पण एकट्या माझी. मला वाटलं, माझा खेळ बघून ते नमले. केवढी मूर्ख मी!

माझ्या शेजारी वाळूत बसलेली मैत्रीण, कोळ्यांची पोर, माझ्याहून सरस खेळायची. ती मला म्हणाली, "तू माफी मागितलीस." मी तिच्यासमोर गळ्याला हात लावून तुमची शप्पथ घेतली. म्हटलं, माझ्या बापाला ओळखत नाहीस तू. त्या वर्षी मी चॅम्पियन झाले आणि ती पुन्हा कधी स्पर्धेत दिसलीच नाही. ती खरं बोलत होती, बाबा. माफी मागितली गेली होती, माझ्या नावानं, तुमच्या तोंडून. खोटी तुमची शप्पथ होती.

काल अकोल्याला आले आणि आईला विचारलं, बंदी उठायच्या आधी तुम्ही कुठे गेला होतात. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "मले तं नागपूरची तारीख हाये म्हणाले. दशम्या बांधून देल्ल्या मी. आले तं दोन दिवस धड जेवले नाईत." म्हणजे तिलाही फसवलंत. मला संताप येतोय आणि भांडायला तुम्ही नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या बाजूनं बोललात. मग माझ्या तोंडचा नकार हिसकावून घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? अशिलाला तरी विचारून सही घेत होतात की!

मैत्रिणीला मी उद्या फोन करणार आहे. ती उचलेल न उचलेल. पुढचं हे मात्र तिलाही सांगणार नाही, आणि हा कागद तर कुठे पाठवायचाच नाही, म्हणून लिहिते. तुम्ही तेव्हा मला विचारलं असतं, "पोरी, जाऊ का माफी मागाले?" तर मी नाही म्हटलं असतं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि मनात म्हटलं असतं, जा.