सोबत चौतीस कागद

३ एप्रिल

परत पाठवलं! चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून, नंबर लागून, कागद सरकवून — परत. चार नंबरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "घराच्या करारावर तुमचं नाव नाही. तुम्ही त्या घरात राहता हे कशावरून?" आता काय सांगू बाईंना? रोज त्याच घरातली भांडी घासतो, त्यावरून?

करार हिच्या नावावर. ही इथल्या इस्पितळात नर्स. नोकरी हिची, घर हिचं, इथे राहायचा परवाना हिचा. फेब्रुवारीत ही कायम झाली आणि हिला न् मुलीला पाच वर्षांचे परवाने घरपोच आले. माझा वर्षाचा तात्पुरता ३० जूनला संपतो. त्याआधी मोठा परवाना झाला नाही तर मला देश सोडावा लागणार. मी गेलो की मुलीकडे बघायला कोणी नाही, म्हणजे हिचीही नोकरी गेली. असं सगळं माझ्या एका कागदावर येऊन बसलंय.

बावीस वर्षं मी तिकडे कचेरीत. आस्थापना शाखा — लोकांच्या रजा, बदल्या, राजीनामे. खिडकीची आतली बाजू मला तोंडपाठ आहे. बाहेरची आत्ता कळतेय. बाईंनी निदान "उद्या या" तरी म्हणायचं! मी म्हणायचो. यांनी छापील चिठ्ठी दिली, तारीख घातलेली.

४ एप्रिल

घरमालक खालीच राहतात. निवृत्त प्लंबर. त्यांच्याकडे पत्र मागितलं तर जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलं — हा माणूस वर राहतो. खाली सही. ना विषय, ना संदर्भ, ना दिनांक! मी घरी येऊन रीतसर दोन पानी मसुदा केला आणि पुन्हा खाली गेलो. त्यांनी वाचला. माझ्याकडे बघितलं. सही केली आणि म्हणाले, "मोरीतला नळ अजून गळतो का?"

७ एप्रिल

आज फाइल केली. बाईसाहेबांना शाळेत सोडलं (बाईसाहेब म्हणजे आमची मुलगी, वय नऊ, रुबाब नव्वदचा) आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. मागितलेत सहा कागद. मी चौतीस लावले. नडेल तो कागद आधीच लावून ठेवावा, नंतर धावाधाव नको. लग्नाचा दाखला, तिघांचे जन्मदाखले, मुलीच्या लशींची वही, माझी पदवी, टायपिंगचं प्रमाणपत्र, साहेबांनी दिलेला वर्तणुकीचा दाखला वगैरे वगैरे. प्रत्येकाला भाषांतर. पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका. कोपऱ्यात भोक पाडून ओवायला टॅग हवा होता, तो या अख्ख्या गावात मिळेना. शेवटी बाईसाहेबांच्या जुन्या बुटाची नाडी घेतली. गुलाबी आहे, पण घट्ट बसली. मग एकदा सोडली आणि पुन्हा बांधली.

किती महिन्यांनी हात असे चालले! चहा गार झाला तरी भान नव्हतं.

ही पाळीवरून आली आणि हसतच सुटली. "अहो, परवाना मागताय की स्थळ दाखवताय?"

१० एप्रिल

दिली! चार नंबर म्हणाल्या, "सहाच लागतात." मी म्हटलं, "असू द्या, सोबत." त्यांनी नाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला. शिक्का तिरका पडला. माझ्या हाताखाली असत्या तर पुन्हा मारायला लावला असता.

१९ एप्रिल

टपालपेटी — पिझ्झाची जाहिरात.

२० एप्रिल

टपालपेटी — तीच जाहिरात. पिझ्झेवाले तरी पाठपुरावा करतात.

२४ एप्रिल

शाळेतून एक फॉर्म आला. त्यात रकाना — वडिलांचा व्यवसाय. मी लिहिणार तेवढ्यात बाईसाहेबांनी पेन काढून घेतलं. "बाबा, मी लिहिते, तुझं अक्षर इथे कोणाला वाचता येत नाही." आणि लिहिलं — घर सांभाळतो.

खोटं काय आहे त्यात? डबे मी करतो, कपडे मी वाळत घालतो, शाळेच्या फाटकाशी इतर आयांबरोबर मी उभा असतो. त्या आपसात बोलतात, मी आकाशाचा रंग बघतो. तरी कानशिलं तापली. मी खाली कंस करून लिहिलं — शासकीय सेवेत, सध्या रजेवर. ती म्हणाली, "एवढं कशाला?" खरंच, एवढं कशाला!

तिकडे शिपायापासून सगळे मला भाऊसाहेब म्हणायचे. बाजारात भाजीवालीसुद्धा. इथे वर्षभरात मला कोणी हाकच मारलेली नाही.

३ मे

पत्र आलं. तीनदा वाचलं. "आपण सादर केलेल्या पान क्रमांक १७ नुसार आपणांस १ जुलै रोजी मायदेशी मूळ पदावर रुजू होणे बंधनकारक आहे. सबब आपला मुक्काम तात्पुरता दिसतो." दीर्घ परवाना देता येणार नाही. काही म्हणणं असल्यास एकवीस दिवसांत मांडा. नाहीतर ३० जूनपूर्वी देश सोडा.

पान सतरा म्हणजे माझ्या रजेचा आदेश. वर्षभराच्या बिनपगारी रजेचा. चौतीस कागदांच्या गठ्ठ्यात चुकून लागला. मसुदाही माझाच — आमच्या शाखेत असले आदेश मीच लिहितो. आणि पानाचा नंबरही मीच घातलेला! माझ्याच आकड्याने मला धरलं. सहाच कागद बघायचे होते ना बाईंना? मग चौतीस कशाला वाचत बसल्या?

ही पत्र घेऊन खिडकीशी उभी राहिली. पाठमोरी. म्हणाली, "माझी पाळी सहाला सुरू होते. नऊ वर्षांच्या मुलीला एकटं ठेवलं तर इथे पोलीस येतात. तुम्ही गेलात तर मला सोडावं लागेल सगळं." रागावली असती तर बरं झालं असतं.

५ मे

बाईसाहेबांनी विचारलं, "आपण जाणार का?" मी म्हटलं, बघू. "बघू म्हणजे नाही ना?" माझंच वाक्य, मलाच. तिकडे लोक मला हेच विचारायचे.

आज जेवली नाही ती. तिला इथे एक मैत्रीण मिळालीय, पहिल्या चार महिन्यांत कोणी शेजारी बसत नव्हतं तिच्या.

८ मे

पुन्हा चार नंबर. भांडायचंच ठरवून गेलो होतो. पण बाई सरळ बोलल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "हा कागद मागितलाच नव्हता आम्ही. पण आता तो फाइलला आहे. मी न वाचल्यासारखं करू शकत नाही." मी असतो तर शब्दन् शब्द हेच म्हणालो असतो. मग म्हणाल्या, "तिकडची नोकरी संपली असं पत्र आणा. लगेच पुढे पाठवते."

नोकरी संपली असं पत्र! किती सहज म्हणाल्या. बाहेर आलो आणि तीन थांबे चालतच गेलो. शाळा सुटायची वेळ झाली म्हणून वळलो, नाहीतर कुठे पोचलो असतो कोण जाणे.

११ मे

कचेरीत फोन केला. आवक-जावकवर बसणारा उचलून म्हणाला, "भाऊसाहेब! कधी येताय? फाइली सापडत नाहीत हो तुमच्याशिवाय." इतकं बरं वाटलं की कशासाठी फोन केला ते सांगताच येईना. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुमच्या टेबलावर एक मुलगी बसवलीय, तात्पुरती. हुशार आहे. सगळं कंप्युटरवर घेतलंय तिने." म्हणजे सापडतायत फाइली.

१४ मे

दहा दिवस उरले. मोरीतला नळ दुरुस्त केला. कपाट आवरलं. पुन्हा विसकटलं. हिच्याशी बोलायला तोंड उघडलं की भाजी काय करू एवढंच निघतं. ही थकून येते, पाय गरम पाण्यात घालून बसते आणि माझ्याकडे बघते. विचारत काहीच नाही. कधी एकदा विचारते असं झालंय मला.

१५ मे

राजीनामा पाठवला. चार ओळी. लोकांचे शेकड्यांनी बघितले, स्वतःचा लिहायला अडीच तास लागले. "कौटुंबिक कारणास्तव." सगळे हेच लिहितात. मी त्यांच्या फाइलवर शेरा मारायचो — कारण मोघम आहे.

हिला दाखवला. हिने वाचला, माझा हात धरला आणि म्हणाली, "माझ्यासाठी केलंत." मी मान हलवली.

१९ मे

मंजूर! चार दिवसांत! "विशेष बाब म्हणून." अरे, मी तिथे असताना राजीनामा मंजूर व्हायला तीन-तीन महिने लागायचे. ना कोणी अडवलं, ना एक त्रुटी काढली. निदान एक तरी त्रुटी काढायची, माणूस बावीस वर्षं होता तिथे.

त्या हुशार मुलीचंच काम असणार. पत्र निर्दोष आहे, तेही तपासलं.

२० मे

चार नंबरला पत्र दिलं. एकच कागद. त्या म्हणाल्या, "आज एकच?" आणि हसल्या. मीही हसलो. बाहेर बाकावर बराच वेळ बसून होतो.

९ जून

परवाना आला. पाच वर्षं! हिने जिन्यातच पाकीट फोडलं आणि तिथूनच ओरडली. बाईसाहेब पलंगावर नाचल्या, मैत्रिणीला फोन केला, फ्रिजवर माझा कागद चिकटवला. घरमालक वर येऊन म्हणाले, "हा माणूस वर राहतो." सगळे हसले. मी शिरा केला. ही म्हणाली, इतका चांगला शिरा तुम्ही कधीच केला नव्हता. जेवताना दोघींच्या तोंडाकडे बघत होतो. किती दिवसांनी दोघी एकदम बोलत होत्या.

१२ जून

३ मेला इथे लिहिलंय — आदेश चुकून लागला. खोटं. मला सोडून कोणी वाचत नाही त्या वहीतही खोटं!

मीच लावला. दोन सकाळी बसून त्याचं भाषांतर केलं. "बंधनकारक"खाली पेन्सिलीने रेघ मारली, बाईंच्या नजरेतून सुटू नये म्हणून. परत जायचंय हे हिला सांगायची हिंमत नव्हती. मग इथल्या कचेरीनेच नाही म्हणावं, अशी तजवीज केली. म्हणजे मी हात वर करायला मोकळा — काय करणार, वरूनच "नाही" आलं.

ही तीनला येते. आज सांगणार आहे. मला अजूनही परत जायचंय.