प्रेसवरचं कुलूप

मामा,

आज एका नव्या अप्रेंटिस मुलीला मी कुलपावरून झापलं, आणि झापताना तोंडातून शब्द तुमचे निघाले. म्हणून लिहायला बसले. नाहीतर इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही काही माझे सख्खे मामा नव्हतात. मी कारेगावात खोली घेऊन कारखान्यात फिटरची अप्रेंटिसशिप करत होते, तुम्ही दौंडहून येऊन-जाऊन नोकरी करणारे आमच्या खात्यातले सगळ्यांत जुने फिटर. अख्खं मेंटेनन्स तुम्हाला मामा म्हणायचं, मीही म्हणायला लागले.

तो दिवस मला अजून दिसतो. मी पत्रा दाबायच्या बंद प्रेसखाली वाकलेय, हातात पाना आहे, आणि तुम्ही मागून म्हणता, "आधी भायेर ये." मी बाहेर येते. "मेन स्विचला कुलपं किती हायेत?" एक, मी म्हणते. "कुणाचं?" तुमचं. "मंग तुझा जीव काय माझ्या खिशात ठिवलाय व्हय? मी च्याला गेलो, ईसरून कुलूप काढलं, कुणी बटण दाबलं, मंग?" मशीनमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाने स्विचला आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हे मला वर्गात शिकवलं होतं. समजलं ते त्या दिवशी. सगळी कुलपं लाल, किल्ल्या दिसायला एकसारख्या, म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही डब्याच्या पिशवीतून तुमच्या मुलीचं जांभळं नेलपॉलिश काढलंत. माझ्या किल्लीला दोन ठिपके दिलेत, स्वतःच्या किल्लीला एक. बाकीचे फिटर आठवडाभर फिदीफिदी हसत होते. तुम्हाला त्याचं काही नव्हतं.

कुलूप काढायच्या आधी मशीनभोवती फिरून हाक द्यायची, ही तुमची शिस्त. माझा आवाज शेजारच्यालाही ऐकू जायचा नाही. "तुझं आबा माळावर मेंढरं वळायचं न्हवं? या आवाजानं एक तरी मेंढरू माघारी फिरलं आसतं का?" असं म्हणून तुम्ही मला पुन्हा ओरडायला लावायचात. मला राग यायचा. आबांची हाक ओढ्यापलीकडे जायची, हे तुम्हाला मीच सांगून बसले होते.

मग तुम्ही गेलात. प्रेस उघडून ठेवली होती, बेअरिंग यायचं होतं, म्हणून कुलूप तसंच ठेवून तुम्ही घरी गेलात आणि झोपेतच गेलात. मातीला सगळे दौंडला गेले, मीही गेले. मला काही वाटलं नाही. खोलीवर परत येऊन मी भाकरी केली, जेवले, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी बेअरिंग आलं, आम्ही बसवलं, आपापली कुलपं काढली. स्विचवर तुमचं तेवढं राहिलं. साहेब म्हणाले, कटर आणा आणि कापा. मी म्हणाले, किल्ली आहे, मी आणते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ दिला, वर गाडीही दिली. वाटेत न्हावरा गाव गेलं, उसाचे ट्रॅक्टर गेले, मी खिडकीतून नुसती बघत होते.

तुमच्या दारात पुरुषमंडळी बसली होती. मामी इद्दतीला, नवऱ्यामागच्या एकांताला, बसलेल्या, परपुरुषाने आत जायचं नाही. मी बाई म्हणून गेले. चार शब्द सांत्वनाचे बोलावेत, तर मी म्हणाले, "मामी, मामांची किल्ली पायजे." त्या उठल्या. खुंटीवर तुमची कामाची पँट होती, न धुतलेली. खिशातून जुडगा निघाला, त्यात गाडीची, कपाटाची, आणि एका जांभळ्या ठिपक्याची. मामींनी विचारलं, "म्हंजी त्येंचं काम आजून तितं आडकून हाय?" व्हय, मी म्हणाले. त्यांनी किल्ली सोडवून माझ्या तळहातावर ठेवली. "दुसऱ्या कुणाला काडू दिऊ नगंस. तूच काड."

परत आले तेव्हा दिवस मावळला नव्हता. मी प्रेसभोवती फिरले आणि हाक मारली, "आत कोन हाय का?" आबांची हाक होती ती, सगळं खातं वळून बघायला लागलं. मी थांबले. कोणी ओ दिली नाही. मग कुलूप काढलं, प्रेस चालू झाली. तेव्हाही रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

हे कुठं धाडायचं नाही. मामींनाही वाचून दाखवणार नाही. आज काम संपल्यावर मी हाक दिली आणि उभी राहिले, तर ती नवी पोरगी म्हणाली, "मॅडम, आत कुनीच न्हाई, मंग कशापायी थांबलाय?" नियम हाय, मी म्हणाले. हाक मारायचा नियम आहे, मामा. ओ ऐकायला थांबायचा नाही.